लॅपटॉपची आंघोळ

रुग्णालयात आत्याला सगळे 'चौकशीखिडकी' म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला वाईटही वाटत नसे. खरी चौकशीची खिडकी खाली दाराशी होती. तिथली बाई लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. आत्याचं उलटं होतं. ती भेटेल त्याला प्रश्न विचारायची.

तिचं नोकरीतलं सगळं आयुष्य ऑपरेशनची हत्यारं धुण्यात गेलं. तळघरात एक लांबट, पांढऱ्या फरश्यांची खोली होती. एका खिडकीतून वापरलेली हत्यारं आत यायची आणि समोरच्या भिंतीतल्या दुसऱ्या खिडकीतून स्वच्छ होऊन, हिरव्या कापडात बांधून वर जायची. मधलं सगळं आत्या आणि तिच्या सोबतिणी करायच्या. भिजवायचं, बारीक ब्रशनं घासायचं, चिमट्यांच्या बिजागऱ्या उघडून बघायच्या, उजेडात धरून डाग राहिला नाही ना याची खात्री करायची, मग वाफेच्या यंत्रात घालायचं. बाकीच्या बायका हात चालवता चालवता घरच्या गप्पा मारायच्या. आत्या मात्र हातातलं हत्यार उलटसुलट करत बसायची. हे टोक असं वाकडं कशाला? या दातांनी नक्की काय धरतात? वरून कोणी डॉक्टर चुकून खाली उतरलाच तर त्याला पकडून ती विचारायची. काहीजण सांगायचे, काहीजण घाईत आहे म्हणून सटकायचे.

एकदा एका परिचारिकेनं तिची ही हौस पुरवायची ठरवली आणि परवानगी काढून तिला ऑपरेशन बघायला उभं केलं. आत्या टोपी, मुखपट्टी, सगळा जामानिमा करून आत गेली आणि बराच वेळ डॉक्टरांच्या पाठी बघून परत आली.

"मग, काय बघितलंस?" सोबतिणींनी विचारलं.

"एक डॉक्टर सारखा या पायावरून त्या पायावर होत होता," आत्या म्हणाली. "त्याचे बूट चावत असणार."

लग्न तिनं केलं नाही. का नाही, असं कोणी काढलंच तर म्हणायची, "सगळ्यांना प्रश्न मी विचारत होते. मला विचारायचं कोणाला सुचलंच नाही." आणि स्वतःच हसायची.

निवृत्त झाल्यावर तिची पंचाईत झाली. हातांना सवय घासण्याची आणि घर दोन खोल्यांचं. नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या, बटणांच्या पाट्या असं सगळं लखलखीत झालं, तरी दिवस उरायचाच. अशातच तिच्या भावाची मुलगी नोकरीसाठी या शहरात आली आणि जागा मिळेपर्यंत म्हणून आत्याकडे उतरली. जागा मिळण्याचं दोघीही हळूहळू विसरल्या. भाची आतल्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसायची ती बसायचीच.

"दिवसभर करतेस तरी काय त्याच्यावर?" आत्यानं पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"अक्षरं करते," भाची स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली.

झालं. अक्षरं म्हणजे टायपिंग, हे आत्याचं पक्कं झालं. शेजारणीला तिनं तसंच सांगितलं. एवढी शिकलेली पोर आणि टायपिंग करते, याचं तिला आत कुठेतरी नवल वाटायचं, पण पोरीला वाईट वाटेल म्हणून पुढे विचारलं नाही. आयुष्यात न विचारलेल्या मोजक्या प्रश्नांपैकी हा एक, आणि नेमका तोच विचारायला हवा होता.

त्या दिवशी भाची सकाळी थोडं काम करून दाताच्या डॉक्टरकडे गेली. घर रिकामं झालं तशी आत्यानं फडकं, ब्रश आणि काच पुसायच्या द्रवाची फवाऱ्याची बाटली घेतली आणि आतल्या खोलीत शिरली. टेबलावरचे कप उचलले, कागद सारखे केले, टेबल पुसलं. मध्ये तो लॅपटॉप. तिनं झाकण उघडलं. स्क्रीनवर बोटांचे ठसे, आणि बटणांकडे तर बघवेना. फटीफटीतून बिस्किटाचा चुरा, एक केस, कसलातरी चिकट डाग. एरवी भाची तिला त्याच्या आसपास फिरकू देत नसे. पण पोरीची बोटं दिवसभर या घाणीत असतात आणि त्याच बोटांनी ती खाते, हे आत्याला पाहवलं नाही.

जे घाण झालंय ते आधी भिजवायचं, हा तिच्या हातांचा जन्माचा नियम. तिनं स्क्रीनवर फवारा मारला आणि पुसला. छान निघाला. मग बटणांवर मारला. डाग निघेना म्हणून आणखी मारला. चुरा फटीत खोल आहे म्हणून ब्रश घालून, पुन्हा वरून मारला. स्क्रीन मध्येच उजळला. त्यावर काहीतरी मोठं, काळं, वळणदार दिसलं आणि ते नीट बघायच्या आतच त्याच्यावरून रंगीत रेघा आडव्या धावल्या. आतून चिर्र असा बारीक आवाज आला. कसलातरी जळका वास आला, आणि सगळं काळं झालं.

आत्या हातात ब्रश धरून तशीच उभी राहिली.

मग तिनं भिंतीतली वायर काढली. लॅपटॉप उघड्या पुस्तकासारखा पालथा करून टॉवेलवर ठेवला. दोनचार थेंब गळले. आता याचं पोट उघडून पुसून घ्यावं, असं वाटून तिनं पेचकस आणला, तर खालच्या स्क्रूंना नेहमीसारखी खाच नव्हती. चांदणीच्या आकाराची इवलीशी भोकं होती. घाबरलेल्या अवस्थेतही तिला वाटून गेलं, चांदणी कशाला केली असेल? साधी खाच काय वाईट होती? आपण काय विचार करतोय हे लक्षात येऊन तिनं पेचकस जागेवर नेऊन ठेवला.

गप्प बसता आलं असतं. यंत्रं काय, आपली आपणही बंद पडतात. भाचीला कळलंही नसतं. तो विचार आला, थोडा वेळ बसला, निघून गेला. तळघरातल्या त्या खोलीत एकच गोष्ट अशी होती की जी कोणाला माफ नव्हती: लपवणं. हत्यारांचा बांधलेला ट्रे खाली पडला तर पडला म्हणून ओरडायचं. गुपचूप उचलून वर पाठवला, तर तो कोणाच्या तरी उघड्या पोटाशी जाऊन पोचणार. आत्यानं दोन वेळा भरलेला ट्रे पाडला होता आणि दोन्ही वेळा सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली होती.

भाची गाल सुजवून परत आली. तिनं चप्पल काढायच्या आत आत्या म्हणाली, "मी तुझा लॅपटॉप बिघडवला."

"म्हणजे?"

"पुसायला गेले. पाणी आत गेलं. पाणी नाही, काचेचं औषध."

भाचीनं आत जाऊन पाहिलं. पालथा लॅपटॉप, टॉवेल, बाजूला ती निळी बाटली. तिनं बाटली उचलून हलवली. "किती मारलंस?"

"भरपूर," आत्या म्हणाली. खोटं बोलून काय उपयोग होता?

"आत्या, अगं, तू त्याला हात का लावलास? मी सांगितलं नव्हतं? त्याच्यात माझं सगळं काम आहे. सगळं! पुढच्या आठवड्यात द्यायचंय. आणि मी मूर्ख, कितीतरी दिवसांत दुसरीकडे उतरवूनसुद्धा ठेवलेलं नाही."

"घाण झाला होता गं."

"असू दे ना घाण! माझी घाण होती!"

दाताच्या इंजेक्शननं तिचे शब्द बोबडे येत होते, त्यामुळे ती आणखीनच चिडली. शेवटी गॅलरीत जाऊन पाठ करून उभी राहिली. आत्या आतच थांबली. समजूत काढायला जावं की नको, तिला ठरवता येईना. पाठी बघत उभं राहणं तिच्या नशिबातच असावं. जरा वेळानं भाची आत आली, लॅपटॉप टॉवेलमध्येच गुंडाळला आणि म्हणाली, "चल."

"मी?"

"काय काय केलंस ते दुरुस्तीवाल्याला तूच सांग. मला सांगताना रडू येईल."

दुरुस्तीचं दुकान दोन गल्ल्या सोडून, एका शिंप्याच्या आणि एका चाव्या करणाऱ्याच्या मध्ये चेपून बसवलेलं होतं. दुरुस्तीवाला पन्नाशीचा, जाड भिंगांचा, कमी बोलणारा माणूस. काउंटरवर पाटी होती: कृपया आत वाकून पाहू नये. आत्यानं ती वाचली आणि आत वाकून म्हणाली, "दादा, मी याच्यावर काच पुसायचं औषध मारलं. चालू असताना. तीनचारदा. वर ब्रशनं घासलंही."

दुरुस्तीवाल्यानं पहिल्यांदाच मान वर केली. "मावशी, बरं झालं सांगितलंत. लोक येऊन म्हणतात, काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला. आणि आतून चहा निघतो."

त्यानं लॅपटॉप पालथा घातला आणि चांदणीच्या टोकाचा पेचकस काढला.

"चांदणी कशाला केलीय?" आत्यानं विचारलं.

"सगळ्यांनी उघडू नये म्हणून."

"म्हणजे माझ्यासारख्यांसाठी."

"तुमच्यासाठीच," तो म्हणाला. तो हसला की नाही ते भिंगांमुळे कळलं नाही.

एकेक स्क्रू काढून तो चुंबकाच्या ताटलीत ठेवत गेला. एक स्क्रू खोल अडकला तेव्हा त्यानं खणातून एक बारीक, कात्रीसारखा चिमटा काढला. आत्याचा हात आपोआप पुढे झाला. "अहो, हा तर डास!"

"काय?"

"डास. मॉस्किटो म्हणायचे याला डॉक्टर लोक. रक्ताची बारीक नस धरायला. मी असे किती घासलेत! तुमच्याकडे कुठून आला?"

"जुन्या बाजारातून," दुरुस्तीवाला हातातल्या चिमट्याकडे नव्यानं बघत म्हणाला. "खरंच नस धरायचा का हा?" त्यानं तो उघडझाप करून बघितला, मग जरा ओशाळून पँटला पुसला. त्यानंतर पाटीकडे दुर्लक्ष करून त्यानं आत्याला आत बोलावलं आणि स्टूल दिलं. भाची काउंटरच्या बाहेर, गालाला हात लावून उभीच होती.

खालचं झाकण निघालं आणि आत्या स्टूलवरून वाकून बघत राहिली. तिला वाटलं होतं आत वायरींचा गुंता असेल. तसं काही नव्हतंच. हिरव्या पाटीवर सगळं ओळीनं लावलेलं, तांब्याची चपटी नळी, बोटभर पंखा, काळ्या चौकोनी चकत्या, प्रत्येकाच्या शेजारी मुंगीएवढा आकडा. नीट मांडलेल्या ट्रेसारखं. पंख्याच्या तोंडाशी मात्र राखाडी लोकरीचा बोळा बसला होता.

"हे मी नाही केलं," आत्या लगेच म्हणाली.

"नाही, ही धूळ आहे. वर्षानुवर्षांची." त्यानं डासानंच तो बोळा उपटून काढला. त्यात भाचीचे दोन लांब केसही होते. "हे पण पुसायचं असतं, मावशी. पण लोक फक्त वरून पुसतात."

आधी त्यानं बॅटरी सोडवली. मग त्यानं एका बाटलीतलं काहीतरी मऊ ब्रशवर घेतलं आणि हिरव्या पाटीवरून सरळ फिरवायला सुरुवात केली. आत्याला वास आला.

"हे स्पिरिट आहे! म्हणजे तुम्हीसुद्धा ओलंच करता की!"

"करतो ना. पण मी आधी जीव काढून घेतो." त्यानं बाजूला ठेवलेल्या बॅटरीकडे बोट दाखवलं. "तुम्ही जिवंतपणी आंघोळ घातलीत."

बाहेरून भाचीच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला आणि लगेच "आई गं," असा दुसरा. इंजेक्शन उतरत चाललं होतं, हसताना दात दुखला होता.

बटणांची पाटी गेली होती; तिच्या पोटात औषध साचलं होतं. स्क्रीनला जोडणाऱ्या पट्टीचं एक टोक काळं पडलं होतं. बाकीचं वाळवून बघावं लागेल, असं दुरुस्तीवाला म्हणाला. "पण काम कशात असतं? ते इथे." त्यानं बोटाएवढी एक पातळ पट्टी डासात धरून वर उचलली. "ही कोरडी दिसतेय."

"एवढीशी?" आत्या म्हणाली. "तिचं सगळं काम एवढ्याशात?"

भाची आता काउंटरवरून इतकी वाकली होती की पाटीचा अर्थच उरला नव्हता. दुरुस्तीवाल्यानं ती पट्टी एका डबीत बसवून आपल्या संगणकाला जोडली. काही वेळ काही दिसेना. मग एकामागून एक पिवळी पाकिटं स्क्रीनवर उगवली. भाचीनं डोळे मिटले आणि उघडले. "ते उघडा. नाही, खालचं. हं, ते."

आणि अख्ख्या स्क्रीनभर एक अक्षर उभं राहिलं. ळ. नुसता एक ळ, थाळीएवढा, काळाभोर. त्याच्या कडेनं जागोजाग ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याला मिशा फुटल्यासारख्या दोन बारीक रेघा.

"हे काय आहे?" आत्यानं विचारलं.

"ळ."

"ते मला दिसतंय. पण हे काय आहे?"

"हेच माझं काम, आत्या. अक्षरं करते म्हटलं होतं ना. हा ठिपका ओढला की वळण बदलतं." भाची हात लांब करून दाखवू लागली. "आधी हा पोटात फार बारीक होत होता. लहान छापला की त्याचं भोक बुजायचं. आता बघ."

आत्या बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे अक्षरं कोणीतरी काढतं?"

"मग?"

"मला वाटायचं ती असतात."

दुरुस्तीवाल्यानं ब्रश खाली ठेवला. "खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं," तो म्हणाला.

"बसवरची?" आत्यानं विचारलं. "औषधाच्या बाटलीवरची? यांच्या त्या पाटीवरची?"

"सगळी. कोणीतरी बसून एकेक काढलेली."

आत्यानं वळून 'कृपया आत वाकून पाहू नये' कडे पाहिलं. आयुष्यभर ती लेबलं वाचत आली होती. ट्रेवरची, डब्यांवरची, औषधांवरची. इतक्या गोष्टींबद्दल विचारलं, पण अक्षरांबद्दल विचारावं असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. काहीतरी मोठं तिच्या नाकासमोर होतं आणि ती त्यातून आरपार बघत आली होती.

सगळंच काही वाचलं नाही. सकाळी भाचीनं जे अक्षर करायला घेतलं होतं, तो ण, साठवायच्या आधीच गेला होता. रंगीत रेघा धावण्यापूर्वी आत्याला ओझरतं दिसलं ते तेच. भाचीला ते कळलं तेव्हा तिनं ओठ चावला आणि पुन्हा कळवळली. चांगला झाला होता, एवढंच वाटेत म्हणाली. आत्यानं त्यावर सॉरी म्हटलं नाही. तो शब्द तिला फार हलका वाटला. "मी पाहिला होता तो," ती म्हणाली. "पळभरच. खालचं वळण झुकलेलं होतं. मला आवडला होता."

लॅपटॉप वाळून चालू व्हायला काही दिवस गेले. स्क्रीनची नवी पट्टी, नवी बटणं बसली. तोवर भाचीनं दुरुस्तीवाल्याकडून एक जुना संगणक तात्पुरता आणून काम केलं, आणि ण पुन्हा काढताना आत्याला शेजारी खुर्ची घेऊन बसू दिलं. अट एकच: हात मांडीवर. आत्यानं अट पाळली, तोंडावर मात्र अट नव्हती. दांडा सगळ्यांचा सारखाच जाड का? ळ डोक्यावर रेघ घेतो, मग त्याला दांडा का नाही? भाची आधी तुटक उत्तरं देत होती, मग खुर्ची वळवून सांगू लागली. दोनचार प्रश्नांवर तर थांबून म्हणाली, "हे मलाही नाही माहीत. शोधायला हवं." नवा ण पहिल्यासारखा झाला नाही. बरा झाला की वाईट, हे तिला स्वतःलाही सांगता येईना. दिला तसाच.

काम दिल्यावर ती एका दुपारी घरी आली, तर जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड पसरलेलं. त्यावर स्क्रू, पंखा, तारा, तांब्याची नळी, लहानमोठ्या चकत्या, सगळं आकारानं, ओळीत मांडलेलं. भाची दारातच ओरडली. "आत्या! आता कोणाचा?"

"कोणाचा नाही. मेलेला आहे. दुरुस्तीवाल्यानं दिला, चांदणीच्या पेचकसासकट." आत्यानं चष्मा सारखा केला. "बॅटरी त्यानंच आधी काढून घेतली. ये, बस. मला हे एक समजत नाहीये." तिनं बोटाच्या पेरावर एक राखाडी तुकडा धरला, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. "हा स्क्रीनच्या कडेत एकटाच बसलेला होता. ना वायर, ना काही. हा काय करतो?"

भाचीनं तुकडा हातात घेतला. इतकी वर्षं ती या यंत्रांवर पोट भरत होती. "काय माहीत," ती म्हणाली. तेवढ्यात तो तुकडा तिच्या बोटातून उडी मारून एका स्क्रूला जाऊन चिकटला.

"चुंबक!" दोघी एकदमच म्हणाल्या.

"पण झाकणात चुंबक कशाला?" आत्या म्हणाली, आणि चप्पल शोधायला लागली.

दुरुस्तीवाल्यानं सांगितलं ते असं: झाकण मिटलं की हे चुंबक खालच्या एका तुकड्याजवळ येतं, त्यावरून यंत्राला कळतं की आपल्याला मिटलं, आणि ते झोपी जातं.

संध्याकाळी भाचीच्या लॅपटॉपसमोर आत्या डोकं टेबलाला टेकवून, एक डोळा मिटून बसली होती. हात, या खेपेस परवानगी घेऊन, झाकणावर होता. झाकण ती सावकाश खाली आणत होती आणि फटीतून स्क्रीनचा उजेड कधी जातो ते बघत होती.

"आत्या, मला काम आहे गं."

"थांब, आत्ता गेला. नाही, पुन्हा आला. एकदाच, मग घे."